छांदिष्टांचे अवकाशयुद्ध

छंद कोणाला नसतो? कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी पतंगामागे उन्हातान्हात धावतो, तर कोणी घरातील घड्याळ उघडून त्याची चाके पुन्हा जागच्या जागी बसतात की काय, हे पाहण्यात सारी दुपार घालवितो. वडीलधाऱ्या माणसांना असल्या उद्योगांचे फारसे कौतुक नसते. विशेषतः घड्याळ त्यांचे असेल तर मुळीच नसते. तथापि अशा छंदांतून कधीकधी काही अपूर्व वस्तू निर्माण होतात. आज आपण संगणकाच्या पडद्यावर जे खेळ खेळतो, त्यांच्या कुळातील एका मूळपुरुषाची कथा अशीच आहे. तो खेळ १९६२ साली जन्मला. तो कोणी विकण्यासाठी केला नव्हता, की कोणी सांगितले म्हणूनही केला नव्हता. काही तरुण मित्रांनी तो छंद म्हणून, रात्री जागून, एकमेकांच्या मदतीने घडविला.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज नावाचे शहर आहे. तेथील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एम.आय.टी., ही तंत्रविद्येची संस्था जगप्रसिद्ध आहे. त्या संस्थेत विद्यार्थ्यांचा एक आगगाडी मंडळ होता. ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’ हे त्याचे नाव. एका मोठ्या खोलीत लांबरुंद मेज मांडून त्यावर या मंडळींनी लहानसे रेल्वेचे जग उभारले होते. मंडळाच्या सभासदांत दोन तट असत. काहींना डबे रंगविण्यात, स्टेशने आणि डोंगर बनविण्यात आनंद वाटे. दुसऱ्यांना मात्र मेजावरच्या गाड्यांपेक्षा मेजाखालचा पसाराच प्रिय असे. तेथे तारांचे जाळे पसरलेले होते, आणि टेलिफोनच्या यंत्रणेतून मिळालेले विजेचे खटके टकटक करीत कोणता रूळ कोणाला जोडायचा हे ठरवीत असत. एक खटका दाबला असता दहा ठिकाणी काय घडेल, याचा विचार करण्याची सवय या मेजाखालच्या मंडळींना लागली होती. पुढील हकिकतीत ज्यांची नावे येतील त्यांपैकी बहुतेकजण याच मेजाखालून संगणकाकडे वळले.

सप्टेंबर १९६१ मध्ये संस्थेच्या एका खोलीत एक नवे यंत्र येऊन दाखल झाले. डिजिटल इक्विपमेंट कंपनीने ते संस्थेला देणगी म्हणून दिले होते. त्याचे नाव पीडीपी-१. अशा यंत्राची किंमत सुमारे १,२०,००० डॉलर होती. त्या काळच्या भावाने जवळजवळ पावणेसहा लाख रुपये! त्या दिवसांत संगणक म्हणजे काचेआडच्या दालनात ठेवलेली, पुजाऱ्यांनीच स्पर्श करावा अशी वस्तू असे. आपले गणित एका खिडकीतून आत द्यावे आणि उत्तरासाठी दुसऱ्या दिवशी यावे, असा तेथील शिरस्ता. पीडीपी-१ तसे नव्हते. त्याच्यासमोर कोणीही बसावे, खटके दाबावे आणि तत्काळ उत्तर पाहावे. शिवाय त्याला एक गोल पडदा जोडलेला होता. सकाळी मोठ्या माणसांची कामे असत, यास्तव विद्यार्थ्यांच्या वाट्याला रात्र येई; आणि रात्रीविषयी त्यांची काही तक्रार नव्हती.

या यंत्राची शक्ती आजच्या मानाने किती अल्प होती, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. त्याच्या स्मृतीत केवळ ४,०९६ शब्द मावत. शब्द म्हणजे येथे आपल्या भाषेतील शब्द नव्हेत, तर संख्या ठेवण्याचे कप्पे होत. त्या सगळ्या कप्प्यांत मिळून इंग्रजी लिपीतील जेमतेम नऊ हजार अक्षरे राहतील. खिशात मावणाऱ्या आजच्या फोनने काढलेले एक साधे छायाचित्रही त्यात कधी मावणार नाही. दोन संख्यांची बेरीज करण्यास त्याला १० मायक्रोसेकंद लागत, म्हणजे एका सेकंदात ते सुमारे एक लाख बेरजा करी. हा वेग मनुष्याच्या मानाने अफाट खरा. पण पडद्यावर हलते चित्र काढायचे झाले, की हाच वेग कसा अपुरा पडतो ते आता पाहू.

पीडीपी-१ च्या पडद्यावर आडवे १,०२४ आणि उभे १,०२४ असे ठिपके देण्याच्या जागा होत्या. यंत्र एका वेळी एकच ठिपका उजळवू शके, आणि त्याला ५० मायक्रोसेकंद लागत. एका सेकंदात वीस हजार ठिपके, त्याहून एकही अधिक नाही. ठिपका उजळला की लगेच विझू लागे. पडद्यावरील फॉस्फरचा लेप थोडा वेळ मंद प्रकाश देत राही, एवढेच. म्हणून चित्र दिसत राहावे असे वाटत असेल, तर तेच ठिपके पुनःपुन्हा उजळवीत राहिले पाहिजे. समजा, एका सेकंदात वीस वेळा चित्र काढावयाचे आहे. तर प्रत्येक चित्राच्या वाट्याला फार तर एक हजार ठिपके येतात. हजार ठिपके म्हणजे किती? दिवाळीत अंगणात घातलेली मोठी ठिपक्यांची रांगोळी आठवा. बत्तीस ओळी, प्रत्येकीत बत्तीस ठिपके, झाले हजार. या रांगोळीएवढ्या भांडवलावर आकाश, सूर्य आणि लढाऊ याने, सारे काही दाखवायचे होते.

पण काय दाखवावे? या प्रश्नाचा विचार तीन मित्रांनी यंत्र येण्यापूर्वीच, १९६१ च्या उन्हाळ्यात, सुरू केला होता. स्टीव्ह रसेल, मार्टिन ग्रेट्झ आणि वेन विटानेन ही त्यांची नावे. केंब्रिजमधील हिंगम स्ट्रीट नावाच्या रस्त्यावरील एका बिऱ्हाडात त्यांचा अड्डा जमे; त्या बिऱ्हाडाला त्यांनी मोठ्या थाटाने ‘हिंगम इन्स्टिट्यूट’ असे नाव ठेवले होते. तिघांनाही ई. ई. स्मिथ या लेखकाच्या अवकाशकादंबऱ्यांचे वेड. एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर झेपावणारी याने, त्यांचे पाठलाग आणि लढाया यांच्या गोष्टी त्यांनी पोटभर वाचल्या होत्या.

त्या काळी संगणकाची करामत पाहुण्यांना दाखविण्यासाठी छोटेछोटे प्रयोग लिहून ठेवण्याची पद्धत होती. एका जुन्या यंत्रावर पडद्यावरील चेंडू उड्या मारी. दुसऱ्या एका यंत्रावर चौकटीचौकटींचा भूलभुलैया असे आणि त्यातून एक उंदीर चीज शोधीत फिरे. पीडीपी-१ आल्यावर प्राध्यापक मार्व्हिन मिन्स्की यांनी त्याच्यासाठी असाच एक कार्यक्रम लिहिला. त्यात तीन बिंदू परस्परांवर परिणाम करीत पडद्यावर एकसारखी बदलती नक्षी काढीत. नक्षी सुंदर होती. पण पाहणाऱ्याने नुसते पाहत राहावे, याखेरीज त्याला काही काम नव्हते.

तिघा मित्रांनी या प्रयोगांचा विचार करून चांगल्या प्रयोगाची तीन लक्षणे ठरविली. पहिले, यंत्राच्या सर्व शक्तींचा कस त्यात लागला पाहिजे. दुसरे, तो प्रयोग मनोरंजक असावा, म्हणजे प्रत्येक वेळी काही निराळे घडावे. तिसरे, पाहणाऱ्याला त्यात भाग घेता यावा, म्हणजेच तो खेळ असावा. ही तीन लक्षणे मनात धरल्यावर विषय शोधावा लागला नाही. अवकाशात दोन याने, दोन खेळाडू आणि त्यांची झुंज! खेळाचे नाव ठरले ‘स्पेसवॉर’, म्हणजे अवकाशयुद्ध.

येथवर सर्व काही उत्साहाने पार पडले. बेत आखणे सोपे असते. हाताने काम करण्याची वेळ आली की गाडी अडते. कार्यक्रम लिहिण्याचे काम रसेलकडे आले होते, आणि रसेल हा कामाची चालढकल करण्याबद्दल मित्रांत प्रसिद्ध होता. ‘गोगलगाय’ अशा अर्थाचे टोपणनावही त्याला मिळालेले होते. विटानेनला मध्येच लष्करी सेवेचे बोलावणे आले आणि तो निघून गेला. रसेलजवळ मात्र दर आठवड्याला एक नवी सबब तयार असे. शेवटी त्याने सांगितले, की कोनाच्या साइन आणि कोसाइन या किमती काढणारा कार्यक्रम आपल्यापाशी नाही, तो लिहावा कसा हे आपणांस ठाऊक नाही, तेव्हा आपला नाइलाज आहे.

ही सबब अगदीच खोटी होती असे नाही. यान पूर्वेकडे तोंड करून उभे असेल, तर इंजिनाचा सगळा रेटा पूर्वेकडे जाईल. पण ते पूर्वेपासून उत्तरेकडे ३० अंशांनी वळलेले असेल तर? इंजिनाने १०० भाग रेटा दिला, तर त्यापैकी पूर्वेकडे सुमारे ८७ भाग आणि उत्तरेकडे ५० भाग कामी येतो. ८७ आणि ५० यांची बेरीज १०० होत नाही म्हणून गोंधळून जाऊ नका. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीजही कर्णाएवढी कोठे असते? ८७ चा वर्ग आणि ५० चा वर्ग मिळवून पाहा, म्हणजे उलगडा होईल. कोणत्याही कोनासाठी या दोन संख्या पुरविणारे गणित म्हणजेच कोसाइन आणि साइन. यान वळले की त्यांची गरज, त्याचा आराखडा तिरपा काढायचा झाला की पुन्हा त्यांचीच गरज. त्यांच्यावाचून खेळ एक पाऊलही पुढे जाणे शक्य नव्हते.

ॲलन कोटोक नावाच्या मित्राने ही सबब ऐकली. तो काही बोलला नाही. तो थेट मेनार्ड या गावी, यंत्र बनविणाऱ्या कंपनीत गेला. तेथे हा कार्यक्रम तयारच होता. त्या काळी कार्यक्रम कागदी फितीवर भोके पाडून ठेवीत असत. कोटोकने ती फीत आणून रसेलपुढे ठेवली आणि विचारले, ‘‘घे, हे तुझे साइन-कोसाइन. आता कोणती सबब सांगतोस?’’ रसेलपाशी सबब उरली नव्हती. मला वाटते, स्पेसवॉरच्या इतिहासात एकही ओळ न लिहिता झालेले सर्वांत मोठे काम हेच असावे.

जानेवारी १९६२ मध्ये रसेलने पडद्यावर एक ठिपका खटक्यांच्या साहाय्याने हवा तसा फिरवून दाखविला. फेब्रुवारीत त्या ठिपक्याच्या जागी दोन याने आली. एक सुईसारखे निमुळते, दुसरे पाचरीसारखे रुंद. कारण खेळाडूंना आपले यान ओळखता आले पाहिजे. प्रत्येकाजवळ मोजकेच इंधन आणि मोजकेच टॉर्पेडो. रसेलच्या हिशेबाने या कामी सुमारे दोनशे तास खर्ची पडले.

याने चालत कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. यान दर चित्रात उजवीकडे ३ ठिपके सरकत आहे, असे समजा. खेळाडूने इंजिन बंद केले, तरी पुढच्या चित्रात ते ३ ठिपके सरकणारच, आणि त्याच्या पुढच्याही. अवकाशात हवा नाही, घर्षण नाही; मग त्याला अडविणार कोण? इंजिन पुन्हा चालू केले की वेगात भर पडते. ३ चे ४ होतात, ४ चे ५. थांबायचे झाल्यास यानाचे तोंड उलट दिशेला वळवून पुन्हा तितकाच वेळ इंजिन चालविणे भाग आहे. गोटी, बैलगाडी आणि सायकल यांची सवय असलेल्या आपल्या हातांना हे विचित्र वाटते. नवखा खेळाडू घाबरून इंजिन दाबून धरी आणि मग भरधाव यान आवरताना इंधन संपवून बसे. न्यूटनचा गतीचा पहिला नियम पुस्तकात पाठ करणे निराळे आणि तो अंगवळणी पडणे निराळे. यान पडद्याच्या उजव्या कडेबाहेर गेले, तर ते डाव्या कडेने आत येई, म्हणजे पळून जाण्यास जागा अशी नव्हतीच.

रसेलने प्रथम टॉर्पेडोही वास्तवास धरून केले होते. खऱ्या अस्त्राचा नेम थोडाफार चुकतो, म्हणून हे टॉर्पेडोही किंचित भरकटत. त्याचा मित्रांनी इतका तिटकारा केला, की त्याला ती सुधारणा काढून टाकावी लागली. आपला नेम चुकला तर खेळाडू स्वतःला दोष देतो. पण नेम बरोबर असून टॉर्पेडो चुकला, तर तो खेळालाच दोष देतो.

आता खेळ तयार झाला होता, असे कोणासही वाटले असते. परंतु फितीवरचा कार्यक्रम कोणाही मित्राला वाचता येई, आणि जो वाची त्याला त्यात काहीतरी उणे दिसे. रसेलने पार्श्वभूमी म्हणून पडद्यावर इतस्ततः काही ठिपके टाकले होते, तेच तारे. पीटर सॅमसन नावाच्या मित्राला हे खोटे आकाश पाहवेना. त्याने ताऱ्यांची पंचांगासारखी सारणी समोर घेतली आणि खगोलीय विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेबावीस अंश व दक्षिणेस साडेबावीस अंश एवढ्या पट्ट्यातील, साधारण पाचव्या प्रतीपर्यंतचे सारे तारे त्यांच्या खऱ्या जागी बसविले. ठळक ताऱ्याचा ठिपका अधिक वेळा उजळवायचा आणि फिकट ताऱ्याचा कमी वेळा, अशी युक्ती करून त्याने त्यांच्या तेजातील फरकही दाखविला. पडद्यावर या पट्ट्याचा काही भागच एका वेळी दिसे, आणि तो हळूहळू सरकत राही. या कार्यक्रमाला सॅमसनने विनोदाने ‘महागडे तारांगण’ असे नाव दिले.

तुम्ही रात्री आकाश न्याहाळत असाल, तर या तारांगणातील कितीतरी मंडळी तुमच्या ओळखीची निघतील. मृग त्यात आहे, त्याच्या मागे धावणारा व्याध आहे. रोहिणी, आर्द्रा, मघा, चित्रा, स्वाती, श्रवण हे सारे त्याच पट्ट्यात येतात. ध्रुव आणि सप्तर्षी मात्र फार उत्तरेला, अगस्त्य फार दक्षिणेला. त्यांना या लढाईचे दर्शन घडले नाही. ज्येष्ठाही थोडक्यासाठी बाहेरच राहिली.

यानंतर डॅन एडवर्ड्सची पाळी आली. रिकाम्या अवकाशात दोन याने नुसती फिरत राहतात, यात डावपेचांना वाव कमी, असे त्याला वाटे. पडद्याच्या मध्यभागी सूर्य असावा आणि त्याचे गुरुत्वाकर्षण यानांना ओढीत असावे, ही त्याची कल्पना. कल्पना सर्वांस आवडली. पण यंत्रापाशी वेळ उरला नव्हता. ठिपके काढण्यात, याने वळविण्यात आणि टॉर्पेडो हलविण्यात सेकंदाचा प्रत्येक कण खर्च होत होता. गुरुत्वाकर्षणाचे गणित तर मोठे खर्चिक. सूर्यापासूनचे अंतर निम्मे झाले की ओढ चौपट होते, अंतर एकतृतीयांश झाले की नऊपट. दर चित्राला दोन्ही यानांसाठी हे काढावयाचे. ते घुसडले असते, तर चित्र लुकलुकू लागले असते आणि खेळ कंटाळवाणा झाला असता.

वेळ हवा असेल, तर तो कोठून तरी वाचविला पाहिजे. एडवर्ड्सने शोध घेतला, तेव्हा त्याच्या ध्यानात आले, की यानाचा आराखडा काढण्याची रीत उधळी आहे. यानाचा आकार एका तक्त्यात लिहिलेला होता: एक पाऊल पुढे, एक पाऊल बाजूला, असा. यंत्र दर वेळी तो तक्ता पहिल्यापासून वाची, प्रत्येक नोंदीचा अर्थ लावी आणि मग ठिपका देई. तुम्हांला साता नव्वे त्रेसष्ट पाठ असता, दर वेळी बोटांवर सात, चौदा, एकवीस असे मोजीत बसाल काय? एडवर्ड्सने यंत्राला पाढा शिकविला. खेळ सुरू होताना एकदाच तक्ता वाचावा आणि त्याचे रूपांतर थेट आज्ञांत करून ठेवावे; पुढे अर्थ लावण्याचे कामच नाही. यामुळे इतका वेळ वाचला, की सूर्याचे गुरुत्वाकर्षण त्यात बसले. टॉर्पेडोंसाठी मात्र वेळ पुरला नाही. म्हणून सूर्य यानांना ओढी, पण टॉर्पेडो त्याच्याजवळून बेलाशक सरळ जात. ज्याला हे खटकले असेल, त्याने त्या यंत्राच्या लाख बेरजांचा हिशेब एकदा स्वतः मांडून पाहावा.

सूर्य आला आणि खेळ पालटला. काही न करता स्वस्थ बसणारा आता सूर्यात पडून नष्ट होऊ लागला. कुशल खेळाडू सूर्याच्या अगदी जवळून झेप घेत, त्याच्या ओढीने वेग मिळवीत आणि इंधन न जाळता शत्रूच्या पाठीवर येत. ग्रेट्झने आणखी एक भर घातली. अगदी प्राणसंकट ओढवले, तर खेळाडूला ‘हायपरस्पेस’मध्ये उडी घेता येई. यान पडद्यावरून नाहीसे होई आणि थोड्या वेळाने भलत्याच ठिकाणी प्रकट होई. कदाचित सूर्याच्या जबड्यातही! ही उडी वारंवार घेणाऱ्याचे यान फुटण्याचा धोका वाढत जाई. उडी घेतलेल्या जागी मिन्स्की यांच्या त्या जुन्या नक्षीची एक झलक क्षणभर चमके. मित्रांनी आपल्या गुरूला केलेला हा नमस्कारच म्हणावयाचा. भरकटणारा टॉर्पेडो ज्यांना सहन झाला नव्हता, त्यांनीच ही बेभरवशाची उडी आनंदाने स्वीकारली. धोका पत्करणे न पत्करणे येथे खेळाडूच्या हाती होते.

एक अडचण शिल्लक होती, ती गणितातील नव्हे. खेळाडू यंत्राच्या फळीवरील लहान खटके वापरीत. पडदा फळीच्या एका बाजूला असल्यामुळे एकाला तो चांगला दिसे, दुसऱ्याला तिरपा; आणि तासभर झुंजल्यावर दोघांचीही कोपरे दुखू लागत. कोटोक आणि बॉब सॉन्डर्स आपल्या जुन्या रेल्वेच्या खोलीत गेले. तेथील अडगळीतून त्यांनी लाकडाचे तुकडे, तारा आणि खटके गोळा केले आणि हातात धरता येतील अशा दोन पेट्या जोडल्या. एक खटका यान वळविण्यासाठी, दुसरा इंजिन आणि उडी यांसाठी, आणि टॉर्पेडो सोडण्यासाठी एक बटण. हे बटण त्यांनी मुद्दाम आवाज न करणारे निवडले. टक् असा आवाज झाला असता, तर शत्रू सावध झाला नसता का?

मे १९६२ मध्ये एम.आय.टी.ने आपली दारे सर्व लोकांसाठी उघडली. त्या प्रदर्शनात स्पेसवॉर मांडले गेले. प्रत्येकाला पाळी मिळावी म्हणून त्यात गुणमोजणीची सोय करण्यात आली आणि मागच्या लोकांना दिसावे म्हणून एक मोठा पडदाही जोडण्यात आला. संगणक म्हणजे रुक्ष आकडेमोडीचे यंत्र, एवढेच ज्यांना ठाऊक होते, त्यांनी त्या दिवशी त्याच्यासमोर गर्दी केली.

खेळाचे पुढे काय करावे, असा प्रश्न या मित्रांपुढे होता. त्यांनी त्याची किंमत ठरविली नाही, की त्यावर हक्क सांगितला नाही. त्या वेळी अशी यंत्रे जगात मोजकीच होती; पीडीपी-१ ची अशी एकूण ५३ यंत्रेच बनविली गेली. मग विकणार कोणाला? ज्याला हवी त्याला फितीची नक्कल दिली जाई. ती घेणारा आपल्या मनासारखे फेरफार करी आणि ती पुढच्याला देई. यंत्र बनविणाऱ्या कंपनीलाही खेळाचा मोठा उपयोग झाला. यंत्राचा प्रत्येक अवयव राबविणे हे तर त्या तिघांनी ठरविलेले पहिलेच लक्षण होते. त्यामुळे यंत्र गिऱ्हाइकाकडे पाठविण्यापूर्वी त्यावर स्पेसवॉर चालवून पाहत असत. खेळ नीट चालला, की यंत्र नीट आहे असे समजावे. या यंत्राची स्मृती वीज गेल्यावरही टिकत असे. त्यामुळे खेळ आत तसाच ठेवून यंत्र रवाना होई, आणि नव्या जागी ते चालू करताच पडद्यावर याने हजर!

पैसा पुढे निराळ्या लोकांनी मिळविला. १९७१ साली ‘गॅलक्सी गेम’ आणि ‘कॉम्प्युटर स्पेस’ असे दोन नाणी टाकून खेळण्याचे खेळ अमेरिकेत निघाले. दोन्ही स्पेसवॉरच्याच अनुकरणाने. ‘कॉम्प्युटर स्पेस’ तयार करणारे नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनीच पुढे अटारी ही कंपनी काढली आणि पडद्यावरील खेळांचा मोठा व्यापार सुरू झाला. रसेलला त्यातून काही मिळाले नाही. त्याविषयी विचारले असता, आपण केले नसते तर सहा महिन्यांत दुसऱ्या कोणी तितकेच चांगले काही केले असते, असे तो म्हणे. हे त्याच्या नम्रतेस शोभते. मात्र ते खरे आहे, असे मला वाटत नाही. खेळ करणारे पुष्कळ निघाले असते. पण एकाच्या कामात दुसऱ्याने न विचारता भर घालावी आणि पहिल्याला त्याचा रागही येऊ नये, असा मेळ सहा महिन्यांत जमत नाही.

असा मेळ पुढे युरोपात पुन्हा जमला. १९८० नंतर घरोघरी लहान संगणक येऊ लागले, तेव्हा फिनलंड, जर्मनी, डेन्मार्क इत्यादी देशांतील शाळकरी मुले केवळ हौसेखातर पडद्यावरील करामती रचू लागली. त्यांना ‘डेमो’ म्हणतात. एकजण आज्ञा लिहितो, दुसरा चित्रे काढतो, तिसरा संगीत बांधतो, आणि सारेजण मोठ्या मेळाव्यांत आपली कृती सादर करतात. फिनलंडमधील ‘असेंब्ली’ हा मेळावा १९९२ पासून भरू लागला. ‘फ्यूचर क्रू’ या फिनिश तरुणांच्या गटाने १९९३ साली तेथे दाखविलेला ‘सेकंड रिॲलिटी’ हा डेमो आजही नावाजला जातो. या स्पर्धांतील एका प्रकारात सबंध कार्यक्रम ४,०९६ बाइटांहून मोठा असता कामा नये, असा नियम आहे. तो आकडा आपण वर एकदा पाहिला आहे. यंत्रे आता पाहिजे तेवढी मोठी मिळतात; तरीही ही मंडळी आपण होऊन स्वतःला त्या जुन्या चिमुकल्या खोलीत कोंडून घेतात. २०२० साली फिनलंडने या कलेची आपल्या जिवंत वारशाच्या राष्ट्रीय यादीत नोंद केली.

पीडीपी-१ यंत्रे केव्हाच कालबाह्य झाली. त्यांपैकी एक कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू या गावच्या संगणक इतिहास संग्रहालयात आहे. काही जाणत्या मंडळींनी अनेक महिने खपून ते पुन्हा चालते केले, आणि त्या मंडळींत पीटर सॅमसनही होता. कागदी फीत यंत्रात सरसर वाचली जाते, गोल पडदा मंद उजळतो आणि मध्यभागी सूर्य चमकू लागतो. दोन बाजूंना सुई आणि पाचर समोरासमोर उभी असतात. त्यांच्या मागे, सॅमसनने १९६२ साली जेथे बसविले होते तेथेच, मृगाच्या पट्ट्यातील तीन तारे ओळीने हळूहळू सरकत असतात.